बार्शी टाउन स्टेशन आणि बार्शी लाईन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शीच्या गाड्या, तिकिटं आणि 'बार्शी लाईट' या जुन्या छोट्या रेल्वेबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी रोजच्या प्रवासाचे प्रश्न, मग इतिहासाचे. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. निघण्याआधी १३९ वर किंवा रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर त्या दिवसाची वेळ पाहून घ्या.

१. ॲपमध्ये 'बार्शी' टाकलं तर भलतंच स्टेशन येतं. खरं नाव काय?

रेल्वेच्या नोंदीत स्टेशनचं नाव 'बार्सी टाउन' आहे आणि कोड बीटीडब्ल्यू. इंग्रजी स्पेलिंग ब्रिटिश काळातलं आहे, त्यात 'एच' हे अक्षर नाही. आपण 'श' डोक्यात ठेवून एच टाकतो आणि यादीत पहिलं नाव येतं बार्शीटाकळीचं. ते गाव अकोला जिल्ह्यात, अकोला–पूर्णा मार्गावर आहे. त्याचा सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीशी काही संबंध नाही. ही चूक बाहेरगावच्या पाहुण्यांकडून हटकून होते, म्हणून लग्नपत्रिकेत किंवा निरोपात गावाच्या नावाबरोबर कोडही कळवा.

जुन्या कागदांत 'बार्शी रोड' हे तिसरं नाव दिसतं. ते म्हणजे आजची कुर्डुवाडी. बार्शीला जायचं तर मुख्य लाईनवर जिथे उतरायचं, ते स्टेशन म्हणून 'रोड'. गावातलं स्टेशन वेगळं ओळखू यावं म्हणून ते 'टाउन'.

२. बार्शी नेमकी कोणत्या लाईनवर आहे? ते जंक्शन आहे का?

जंक्शन नाही. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–धाराशिव–लातूर–लातूर रोड या मार्गावरचं ते मधलं स्टेशन आहे. हा मार्ग मध्य रेल्वेत येतो आणि बार्शी सोलापूर विभागात. मुंबई–पुणे–सोलापूर ही मुख्य लाईन कुर्डुवाडीला मिळते आणि बार्शीपासून कुर्डुवाडी साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे. दुसऱ्या टोकाला लातूर रोडला विकाराबाद–परळी लाईन मिळते.

मिरजेकडे जाताना कुर्डुवाडीनंतर मोडनिंब, पंढरपूर, सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग अशी स्टेशनं लागतात. लातूरकडे येडशी, धाराशिव, कळंब रोड, ढोकी, मुरूड, औसा रोड, हरंगुळ. आधी 'उस्मानाबाद' असलेलं स्टेशन आता 'धाराशिव' झालं आहे आणि त्याचा कोडही बदलला आहे. जुन्या तिकिटावरून किंवा जुन्या वेळापत्रकावरून कोड उतरवू नका.

३. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूरला थेट कोणत्या गाड्या आहेत?

मुंबईसाठी रात्रीची गाडी हीच मुख्य सोय आहे. ती काही रात्री मुंबई–लातूर (२२१०७/२२१०८) म्हणून धावते आणि काही रात्री मुंबई–बीदर (२२१४३/२२१४४) म्हणून. बार्शीकराला दोन्ही सारख्याच उपयोगाच्या, पण ॲपवर त्या दोन वेगळ्या गाड्या दिसतात. 'आज लातूर एक्सप्रेस नाही' असं पाहून हताश होणाऱ्यांनी त्याच तारखेला बीदरची गाडी शोधावी.

पुणे आणि पनवेलसाठी नांदेड–पनवेल (१७६१४/१७६१३) आहे. पुणे–हरंगुळ ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये विशेष गाडी म्हणून सुरू झाली. शून्याने सुरू होणारा क्रमांक म्हणजे विशेष गाडी. ती ठराविक तारखेपर्यंत जाहीर होते आणि मग मुदतवाढ मिळते. दोन महिन्यांनंतरचं तिकीट काढायला गेल्यावर ती दिसली नाही, तर बहुतेक वेळा ती बंद झालेली नसते, पुढची मुदतवाढ अजून जाहीर व्हायची असते.

कोल्हापूर–नागपूर (११४०४/११४०३) आणि कोल्हापूर–धनबाद 'दीक्षाभूमी' (११०४५/११०४६) याच लाईनने जातात, पण रोज नाहीत. वार पाहूनच बेत करा.

४. मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. ही गाडी लातूरहून रात्री उशिरा सुटते आणि बार्शीला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असू शकते. आपल्या बोलण्यात ती 'दहा तारखेची रात्र' असते, पण रेल्वेच्या हिशेबात रात्री बारानंतर अकरा तारीख लागते. तिकिटावर प्रवासाची तारीख म्हणून तुम्ही चढता त्या स्टेशनवरची तारीख धरली जाते.

म्हणजे असं: गाडी लातूरहून १० तारखेला सुटली आणि बार्शीला १२ वाजून गेल्यावर आली, तर बार्शीचं तिकीट ११ तारखेचं हवं. १० चं काढलं असेल तर ती गाडी ९ च्या रात्री लातूरहून निघालेली. तुम्ही १० ला रात्री जेवून स्टेशनवर पोचाल, तेव्हा तुमचा बर्थ मुंबईत पोचूनही बराच वेळ झालेला असेल. अशा तिकिटाचा परतावा मिळत नाही.

तिकीट काढताना दोन गोष्टी तपासा. बार्शीची सुटण्याची वेळ ००:०० च्या आधीची आहे की नंतरची, आणि तिकिटावर 'बोर्डिंग'समोर कोणती तारीख छापली आहे. वेळापत्रक बदलताना वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी तारीख फिरते, म्हणून मागच्या वेळच्या अनुभवावर जाऊ नका. खिडकीवर फॉर्म भरताना तारखेशेजारी वारही लिहावा, म्हणजे बाबूंच्याही लक्षात येतं.

५. तत्काळ कधी उघडतं? बार्शीहून नेहमी एक दिवस उशीर का होतो?

एसी वर्गांसाठी सकाळी १० वाजता, स्लीपर आणि बाकी वर्गांसाठी ११ वाजता, प्रवासाच्या आदल्या दिवशी. पण 'आदला दिवस' मोजायचा तो गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून. प्रश्न ४ मधलं उदाहरण घ्या: बार्शीचं तिकीट ११ चं, गाडी लातूरहून निघते १० ला, म्हणून तत्काळ उघडतं ९ ला. तुम्ही १० ला सकाळी बसाल तर कोटा आदल्या दिवशीच संपलेला असतो.

जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं आणि ओटीपी येतो. ही जोडणी आधीच करून ठेवा, ११ वाजता ते करायला वेळ मिळत नाही. पहिली तीस मिनिटं एजंटांना बंदी आहे, तेव्हा स्वतःच्या खात्यावरून प्रयत्न करण्यात अर्थ आहे. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा नाही.

६. लातूरहून जागा दिसते आणि त्याच गाडीला बार्शीहून वेटिंग. असं कसं?

प्रत्येक गाडीच्या जागा स्टेशनांमध्ये वाटलेल्या असतात. मोठा हिस्सा गाडी निघते त्या स्टेशनाला, मधल्या स्टेशनांना थोडा. मधल्या स्टेशनाच्या वेटिंगवर 'आरएलडब्ल्यूएल' असं लिहून येतं आणि ते कन्फर्म होण्याची शक्यता 'जीएनडब्ल्यूएल'पेक्षा (गाडी निघते त्या स्टेशनाच्या वेटिंगपेक्षा) कमी असते, कारण त्या छोट्या हिश्श्यातलं कुणी रद्द केलं तरच पुढे सरकता येतं.

यावर कायदेशीर मार्ग आहे. तिकीट लातूरहून काढायचं आणि चढण्याचं स्टेशन बार्शी करायचं. ऑनलाइन तिकीट काढतानाच 'बोर्डिंग स्टेशन' निवडता येतं. नंतर बदलायचं असेल तर गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी बदला. भाड्यात थोडा फरक पडतो, कारण पैसे लातूरपासूनचे जातात. बदल न करता नुसतं बार्शीला चढलात, तर तुम्ही आलाच नाहीत असं धरून टीटीई ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो. एकदा बदल केला की मूळ स्टेशनवरून त्या जागेवर हक्क राहत नाही, हेही लक्षात असू द्या. तारखेचा घोळ इथे दुप्पट होतो: लातूरची तारीख वेगळी, बार्शीची वेगळी.

७. थेट गाडीत जागा नाही. कुर्डुवाडीहून जाणं बरं का?

पुष्कळदा तेच बरं. मुंबई–सोलापूर मुख्य लाईनवर दिवसभर गाड्या आहेत आणि सिद्धेश्वर (१२११५/१२११६), हुतात्मा (१२१५७/१२१५८) यांच्यासह बऱ्याच गाड्या कुर्डुवाडीला थांबतात. बार्शीहून कुर्डुवाडीला एसटी किंवा वडाप मिळतं. रात्रीच्या गाडीला निघताना मात्र शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या आणि किमान तासभर हाताशी ठेवा.

बार्शी लाईनची मूळ कल्पनाच ही होती: मुख्य लाईनवर माल आणि माणसं आणून सोडणं. सव्वाशे वर्षांनंतरही बार्शीच्या प्रवासाचा विचार कुर्डुवाडीपासून केला तर जास्त पर्याय हाती येतात.

८. पहिली गाडी उशिरा आली आणि कुर्डुवाडीची पुढची चुकली, तर पैसे जातात का?

दोन्ही आरक्षित तिकिटं एकमेकांना जोडलेली असतील तर चुकलेल्या गाडीचे पैसे परत मिळतात. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. दोन्ही पीएनआरवर प्रवासी तेच असावेत, नावं आणि वय जुळावं, आणि पहिली गाडी जिथे सोडते तिथूनच दुसरी सुटत असावी. पहिलं तिकीट काढल्यावर दुसरं काढताना 'कनेक्टिंग जर्नी'चा पर्याय घ्यायचा. खिडकीचं तिकीट असेल तर उतरल्याबरोबर परताव्यासाठी जमा करा, ई-तिकीट असेल तर टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरा.

पहिला टप्पा एसटीने केला असेल तर ही सोय लागू नाही. एसटीच्या उशिराची जबाबदारी रेल्वे घेत नाही.

तुमची गाडीच बार्शीला तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. पण टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरलेला हवा.

९. जनरल तिकीट किती वेळ चालतं? मोबाइलवर काढता येतं का?

१९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. २०० किलोमीटर किंवा जास्त अंतराचं तिकीट तीन दिवस आधी काढता येतं. बार्शी–पंढरपूर, बार्शी–लातूर हे सगळे पहिल्या गटात येतात, म्हणून सकाळी तिकीट काढून संध्याकाळी निघू नका.

रेलवन ॲपवरून हे तिकीट निघतं. पेपरलेस पर्याय घेणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा, आत आल्यावर ॲप नकार देतं. आत असाल तर स्टेशनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून काढता येतं.

आणखी एक गोष्ट राहून जाते. मुंबई–लातूर आणि मुंबई–बीदर या सुपरफास्ट गाड्या आहेत, हुतात्मा आणि सिद्धेश्वरसुद्धा. साध्या मेल-एक्सप्रेसचं जनरल तिकीट त्यांत चालत नाही. सेकंड क्लासला १५ रुपये, स्लीपरला ३० रुपये सुपरफास्ट अधिभार लागतो. पंधरा रुपयांसाठी दंड भरणारे प्रवासी कुर्डुवाडीच्या पुढे रोज सापडतात.

१०. कॅन्सरच्या उपचारासाठी बार्शीला यायचं आहे. भाड्यात सवलत मिळते का?

मिळते, आणि ती मोठी आहे. माहिती नसल्यामुळे कितीतरी कुटुंबं पूर्ण भाडं भरतात, म्हणून हे उत्तर सविस्तर आहे.

बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये इथूनच बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी सुरू झाली. त्यामुळे धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर इथून रुग्ण सतत येत असतात.

उपचार किंवा तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाड्यात १०० टक्के सवलत आहे. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, सेकंड एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे: स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, बाकी वर्गांत रुग्णाइतकीच. शंभर टक्के सवलत म्हणजे तिकीट शून्य रुपयांचं असं नाही. सवलत मूळ भाड्यावर आहे, आरक्षण शुल्क आणि सुपरफास्ट अधिभार द्यावाच लागतो.

पद्धत अशी. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र हॉस्पिटलकडून घ्या. साध्या लेटरहेडवरची चिठ्ठी चालत नाही. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, तसंच कुठून कुठे प्रवास आहे ते स्पष्ट असावं. ते घेऊन आरक्षण खिडकीवर जा. तत्काळ कोट्यात ही सवलत मिळत नाही, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख मिळाली की त्याच दिवशी प्रमाणपत्र मागून घ्या. डॉक्टर ओपीडीतून उठल्यावर सहीसाठी थांबावं लागतं, हा नेहमीचा अडथळा आहे. प्रवासात प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. रुग्ण ज्येष्ठ असेल तरी अर्ज कॅन्सर सवलतीचाच करायचा.

११. ज्वारी-डाळीचं पोतं बरोबर नेता येतं का?

येतं, वजनाच्या मर्यादेत. सेकंड क्लासला माणशी ३५ किलो, स्लीपर आणि थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७० किलो मोफत. म्हणजे ५० किलोचं एक पोतं स्लीपरच्या एका तिकिटावर बसत नाही, ते पंचवीस-पंचवीसच्या दोन गोण्यांत दोन प्रवाशांनी न्यावं. जास्तीचं वजन आधी बुक केलं तर दीडपट दर लागतो, न बुक करता सापडलं तर सहापट. गोण्या दाराशी रचू नका. मधल्या स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते आणि चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पंचाईत होते.

१२. आषाढीला बार्शीहून पंढरपूरला रेल्वेने जाता येतं का?

जाता येतं, लाईन तीच आहे. बार्शी–कुर्डुवाडी आणि पुढे कुर्डुवाडी–पंढरपूर साधारण ५२ किलोमीटर. वारीच्या दिवसांत विदर्भातून नागपूर, अमरावती, खामगाव अशा विशेष गाड्या सुटतात. त्या बार्शीवरून येतीलच असं धरू नका, जाहीर झालेला मार्ग आणि थांबे वाचा. बार्शीकरांसाठी कुर्डुवाडीला गाडी बदलणं हाच भरवशाचा मार्ग आहे. एकादशीच्या संध्याकाळी आणि द्वादशीला पंढरपूरहून परतीची गर्दी सर्वांत मोठी असते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर एक दिवस उशिरा निघालेलं बरं.

१३. ही लाईन कुणी आणि कधी बांधली?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. १८८२ मध्ये तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. जीआयपीची लाईन सोलापूरकडे जाताना बार्शीला बाजूला ठेवून गेली होती. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, आणि तो सगळा माल बैलगाड्यांतून बार्शी रोडला यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुतल्या की व्यापार थांबायचा. या वाहतुकीवर एक छोटी लाईन चालेल हे कॅलथ्रॉपने हेरलं.

बार्शी लाईट रेल्वे कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली. बार्शी रोड ते बार्शी टाउन ही लाईन १८९७ मध्ये सुरू झाली.

१४. 'लाईट' का म्हणायचे? आणि रुळ इतके अरुंद का?

रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होतं. आजच्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर आहे. पण 'लाईट' हा शब्द रुंदीचा नाही, वजनाचा आहे.

रुळाला गाडीचं एकूण वजन कळत नाही, त्याला कळतं ते एका आसावर येणारं वजन. कॅलथ्रॉपने ठरवलं की इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही. इंजिन दमदार हवं तर चाकं वाढवायची. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने या लाईनसाठी बनवलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाकं होती. चार आसांवर पाच-पाच टन म्हणजे वीस टनांची पकड, आणि रुळावर ताण मात्र पाचच टनांचा.

याचा फायदा रुळांच्या खर्चात झाला. इथे यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रुळ पुरले. एक किलोमीटर लाईनला असे दोन रुळ म्हणजे सुमारे ३० टन लोखंड. आजचा ६० किलोचा रुळ वापरला तर तेवढ्याच अंतराला १२० टन लागतं. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे होते: मजबूत आणि हलके. त्यामुळे स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त.

ही सगळी रोलिंग स्टॉक (इंजिनं आणि वाघिणी) हिंदुस्थानात पाठवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरत्या लाईनवर चालवून दाखवली गेली. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनला कॅलथ्रॉपने हीच पद्धत वापरली. तिची इंजिनंसुद्धा मोठे दिवे आणि उन्हाळी छपरासह बार्शीच्या वळणाची होती. साधारणपणे इंग्लंडमधली तऱ्हा इकडे यायची, इथे मात्र बार्शीचा अनुभव तिकडे गेला. या गावाच्या इतिहासात ही गोष्ट ठळकपणे सांगितली जायला हवी.

१५. लातूर आणि मिरजेपर्यंत लाईन कधी पोचली?

तुकड्यातुकड्यांनी. पंढरपूर १९०६, पूर्वेला तडवळे १९०७, लातूर १९११ आणि मिरज १९२७. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. बार्शीच्या पूर्वेचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे ही छोटी लाईन ब्रिटिश मुंबई इलाखा आणि निजामी राज्य अशा दोन सत्तांमधून धावत होती.

१६. देशातली पहिली नॅरोगेज हीच का? शकुंतला आणि ही एकच का?

दोन्हींचं उत्तर नाही. बडोद्याच्या गायकवाडांची डभोई–मियागाम लाईन १८६२ ची आणि दार्जिलिंगची १८८१ ची. बार्शीचं वेगळेपण पहिलं असण्यात नाही, प्रश्न १४ मधल्या आराखड्यात आहे.

शकुंतला ही विदर्भातली, मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी लाईन. तिची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडे राहिली, म्हणून ती बातम्यांत येते. बार्शी लाईट सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली.

१७. ब्रॉडगेज कधी झालं?

कुर्डुवाडी–पंढरपूर २००२ मध्ये. लातूर–धाराशिव सप्टेंबर २००७, धाराशिव–कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८. बार्शी या शेवटच्या तुकड्यात येते. पंढरपूर–मिरज भागात ३१ ऑक्टोबर २००८ ला शेवटची छोटी गाडी धावली आणि जानेवारी २०११ पासून तिथे ब्रॉडगेजवर प्रवासी वाहतूक सुरू झाली.

विजेचं काम त्यानंतर झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड–लातूर रोड हा तुकडा पूर्ण झाला आणि मध्य रेल्वेचं सगळं ब्रॉडगेज जाळं विद्युतीकृत झालं. म्हणजे साऱ्या मध्य रेल्वेतला शेवटचा तुकडा याच लाईनवरचा होता.

१८. छोटी गाडी धाराशिवला जायची का?

नाही. जुनी लाईन येडशीहून कळंब रोड, ढोकीकडे निघून जायची आणि जिल्ह्याचं गाव बाजूला राहायचं. रुंदीकरण करताना मार्ग वळवून धाराशिव जोडलं गेलं. म्हणून आज बार्शी–लातूर अंतर जुन्या तिकिटांवरच्या अंतराशी जुळत नाही. जुन्या आणि नव्या वेळापत्रकांची तुलना करणाऱ्यांनी हे आधी वजा करावं.

१९. लातूरची पाण्याची गाडी बार्शीवरूनच गेली होती ना?

हो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली 'जलदूत' पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच मार्गाने लातूरला गेली. पहिली गाडी दहा टँकरची होती आणि तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. ती १२ एप्रिलला पोचली. नंतर पन्नास टँकरच्या गाडीतून एका खेपेत पंचवीस लाख लिटर जाऊ लागलं.

रुंदीकरणाने काय साधलं, ते इथे आकड्यांत दिसतं. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. छोट्या लाईनच्या वाघिणीत पंधरा टन माल धरला तरी दीडशेहून अधिक वाघिणी लागल्या असत्या, म्हणजे कितीतरी गाड्या. छोट्या गाडीबद्दल हळहळ सगळ्यांनाच आहे, पण त्या उन्हाळ्यात लातूरला मोठीच लाईन हवी होती.

२०. जुन्या नॅरोगेजच्या मार्गालगत जमीन विकायला आहे. घ्यावी का?

कागद पाहिल्याशिवाय नको. रुळ उखडले म्हणून रेल्वेने संपादित केलेली जमीन आपोआप मूळ मालकाकडे परत जात नाही. जिथे मार्ग बदलला (प्रश्न १८), तिथे असा रिकामा पट्टा राहतो आणि कुणीतरी तो कसायला लागतं. वर्षानुवर्षं पेरणी होते म्हणून मालकी सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर 'रेल्वे', 'बी. एल. आर.' (बार्शी लाईट रेल्वे) किंवा 'भारत सरकार' अशी नोंद कधी होती का, हे जुन्या फेरफारांपर्यंत मागे जाऊन तपासा. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीचा नकाशा घ्या आणि गट नंबर देऊन सोलापूरच्या विभागीय रेल्वे कार्यालयाकडे लेखी विचारणा करा. उत्तर यायला वेळ लागतो. विक्रेता तेवढा थांबायला तयार नसेल, तर बयाणा देऊ नका.